फॉर पाव्हणा इन यादी

मी पेडगावचा, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "वेड पांघरून आलात का?" आयुष्यभर ऐकत आलोय. पूर्वी मी समजावून सांगायचो, की म्हणीतलं पेडगाव ते नगरकडचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. तिथं बहादूरगड आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेनं वेडेपणाचं सोंग आणून तिथल्या मोगल सरदाराला, बहादूरखानाला, गंडवलं आणि तिथून ही म्हण निघाली, असं सांगतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. मनमाडकडून येताना मानवत रोड गेलं की परभणीच्या आधी लागतं. इथं कापूस होतो, सोयाबीन होतं, तूर होते. वेड घरोघरी असलं तरी ते कुणी पांघरत नाही, उघडंच असतं. पण एवढं ऐकायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा हल्ली मीही हसतो.

त्यात जिल्ह्याच्या नावावर आणखी एक म्हण: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." म्हणजे आमच्या पत्त्यातल्या दोन ओळींना दोन म्हणी चिकटलेल्या. माझी पुतणी पुण्याला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, "काका, दुसरी म्हण नाहीच मुळी. ते इफ-एल्स आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे अट. जमलं तर हे कर, नाहीतर ते कर. अख्खं प्रोग्रामिंग दोन गोष्टींवर चालतं. एक ही अट आणि दुसरा लूप."

हे बोलणं झालं ते घरात लग्न निघालं तेव्हा. लग्न हिच्या थोरल्या बहिणीचं, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा अगदी पहिला. घरात माणसं कमी आणि यादी मोठी. पुतणी म्हणाली, "यादीचं माझ्याकडं द्या, पायथॉनमध्ये करते." वहिनीनं आधी ओट्याखाली पाहिलं. मग तिला समजावण्यात आलं की पायथॉन ही भाषा आहे, आणि तिचं नाव अजगरावरून नव्हे तर माँटी पायथन नावाच्या विलायती विनोदी मंडळींवरून पडलं. खीडो व्हान रॉसम नावाच्या डच माणसानं 1989 च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली. वहिनीचं म्हणणं पडलं की सुटीत घरी बसलेल्या माणसाला दळण आणायला पाठवावं, नाहीतर असले उद्योग सुचतात.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड गेलेली नाही. म्हटलं, "पोरी, आधी मला लूप समजावून सांग. मला समजला तरच यादी तुझ्या हाती देतो."

तिनं लॅपटॉप उघडून एक ओळ दाखवली. फॉर पाव्हणा इन यादी. मला वाटलं माझी थट्टा चाललीय. पण नाही. 2008 साली पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून त्यात आतली नावं देवनागरीत लिहिता येतात. 'फॉर' आणि 'इन' तेवढे साहेबाचे, पाव्हणा आणि यादी आपली.

"याचा अर्थ असा," ती म्हणाली, "यादीतला एकेक पाव्हणा घ्यायचा, त्याचं जे करायचं ते करायचं, आणि पुढच्याकडं जायचं."

"हा तर वाढपी झाला की."

आणि खरंच, तुम्ही पंगत नीट पाहिली असेल तर लूप शिकायला पुण्याला जायची गरज नाही. भाजीची बादली घेतलेला पोरगा ओळीच्या टोकाला उभा राहतो. एका पत्रावळीवर वाढतो, एक पाऊल सरकतो, पुढच्या पत्रावळीवर वाढतो. कोण बसलंय हे तो बघत नाही. आमदार असो की सालगडी, पळी तीच. एखादा म्हणतो, "उपास आहे," की त्याला सोडून पुढं. याला पायथॉनमध्ये कंटिन्यू म्हणतात. बादली संपली की वाढणं मधेच बंद. याला ब्रेक म्हणतात. जिलेबीच्या ताटाचं मात्र वेगळं. तिथं ओळ बिळ काही नसते. एकाच पाव्हण्यासमोर उभं राहून तो दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरेपर्यंत वाढत राहायचं असतं. हा व्हाइल लूप. आणि वरमाय शेजारी उभी राहून "अजून एक, माझ्या गळ्याची आण" म्हणत असेल तर तो अनंत लूप. त्यातून सुटायला मशीनला कंट्रोल आणि सी दाबावं लागतं, माणसाला उठून पळावं लागतं.

पुतणीनं आणखी एक गंमत सांगितली आणि ती मला फार आवडली. यादी संपली हे पायथॉनच्या लूपला कसं कळतं? मला वाटलं आधी मोजून घेत असेल. तसं नाही. तो प्रत्येक खेपेला "पुढचा द्या" एवढंच म्हणतो. पुढचा उरलाच नाही की आतून चक्क एक तक्रार उसळते, तिचं नाव स्टॉप-इटरेशन. एरवी अशी तक्रार आली तर प्रोग्राम कोसळावा. पण फॉर लूप ती गुपचूप गिळतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खालच्या ओळीवर जातो. म्हणजे आमच्या वाढप्यासारखंच. पंगत संपल्याचं त्याला भिंतीला धडकल्यावर कळतं, आणि धडकल्याचं तो कुणाला सांगत नाही.

या बाबतीत जुन्या भाषा जास्त पाहुणचार करणाऱ्या होत्या. फोरट्रॅन 1957 ची. तिचा डू लूप सुरुवातीच्या काळात काहीही असो, निदान एकदा फिरायचाच. पंगतीत एकही माणूस नसला तरी वाढपी एक पळी भाजी जमिनीवर टाकून यायचा. पुढं 1977 च्या आवृत्तीत त्याला सांगण्यात आलं, की आधी बघ, कुणी बसलंय का. आणि 'फॉर' हा शब्दही मुळात इंग्रजी नाही. झुरिकच्या हाइन्झ रुटिसहाउझर यांनी 1951 साली आपल्या भाषेत जर्मन 'फ्यूर' वापरला, त्याचं पुढं फॉर झालं. आपण कुणी तेव्हा भाषा लिहिली असती तर तिथं 'दर' आला असता. दर पाव्हण्यामागं एक पत्रावळ, एक टोपी, एक नारळ. किती चांगला शब्द, दोन अक्षरांत लूप. पण आपण तेव्हा नारळ मोजण्यात गुंतलो होतो.

असो. परीक्षेत पोरगी पास झाली, यादी तिच्या हाती गेली, आणि तिथून भानगडी सुरू झाल्या.

पहिली भानगड शून्याची. तिनं यादीचा कागद छापून आणला, तर पहिला आकडा शून्य. पहिलं नाव अर्थातच नवरीच्या मामांचं. मामा चष्मा लावून कागद वाचत होते. वाचता वाचता थांबले. "मी शून्य?"

पुतणीनं सांगितलं की मशीन शून्यापासूनच मोजतं. डाइक्स्ट्रा नावाचे फार मोठे संगणकशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1982 साली यावर स्वतंत्र टिपण लिहून शून्यापासूनच का मोजावं हे सिद्ध केलंय. मामा म्हणाले, "त्या डाइक्स्ट्राला भाची होती का? तिच्या लग्नात त्याला शून्य नंबर दिला असता म्हंजे कळालं असतं."

तेव्हा आईनं तोड काढली. खळ्यावर धान्य मोजताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आई म्हणाली, "मामाच्या म्होरं लाभ लिव्ह." पुतणीनं लिहिलं. मामा खूश झाले आणि आहेरात पैठणी वाढली. डाइक्स्ट्रांच्या टिपणाला हा मुद्दा कुणी सुचवला नव्हता.

याच टिपणात दुसरा एक निवाडा आहे. अमुकपासून तमुकपर्यंत म्हणताना सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा. पायथॉन तो तंतोतंत पाळतं. रेंज एक ते पाच म्हटलं की एक, दोन, तीन, चार. पाच नाही. मी म्हटलं, "हे रेल्वेला सांगू नका. मानवत रोड ते पेडगाव तिकीट काढलं की पेडगावच्या आधीच उतरवून देतील." पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, आपणही कुठं नीट सांगतो? "सोमवारपर्यंत पैसे देतो" यात सोमवार धरून की सोडून? त्यावर आमच्या गावात किती मैत्र्या तुटल्यात. माळेचंही तसंच. जपाच्या माळेत मणी 108, आणि वर मेरुमणी असतो तो मोजायचा नाही आणि ओलांडायचाही नाही. तिथून माघारी फिरायचं. म्हणजे शेवट सोडून मोजायची अक्कल आपल्याला होती. फक्त ती देवघरात ठेवली, व्यवहारात आणली नाही.

आता दुसरी भानगड. ही मोठी.

आमच्या भावकीत दोघं सख्खे भाऊ आहेत. आमचा दादा आणि ते दोघं यांच्यात बांधावरून वाद आहे. बांध दोन हातांचा, वाद दोन पिढ्यांचा. दादानं फर्मान काढलं, की या दोघांची नावं यादीतून काढ. आणि गल्लीवार लिहिलेली यादी असल्यामुळं दोघांची नावं एकाखाली एक. पुतणीनं ओळ लिहिली. यादीतला एकेक पाव्हणा घे, त्याच्याशी आपलं वाकडं आहे का बघ, असेल तर यादीतून काढ. मशीननं डोळ्याचं पातं लवायच्या आत काम केलं. पत्रिका छापल्या, हळदीकुंकवाची बोटं लागली, वाटल्या गेल्या.

हळदीच्या दिवशी दोघांतला धाकटा मांडवात हजर. नवा फेटा, हातात आहेर. येऊन दादाला मिठीच मारली. "तुम्ही बोलावलंत, मन मोठं केलंत. मी यडा, बांधासाठी भांडत बसलो." त्याच्या डोळ्यांत पाणी. दादाच्याही डोळ्यांत पाणी, पण ते पुतणीकडं बघून आलेलं.

ती कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली. "काका, कोड बरोबर आहे. दोघांचीही नावं द्वेषाच्या यादीत आहेत. मग हा राहिला कसा?"

मी ती ओळ वाचली आणि मला एकदम चौथीतला मी दिसलो. असाच एक मांडव, अशीच पंगत. माझ्या अलीकडचा एक बाप्या रुसून उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "सरका, सरका, जागा भरा!" आम्ही सगळे एकेक जागा अलीकडं सरकलो. मी त्याच्या रिकाम्या जागेवर आलो. वाढपी त्या जागेवरून नुकता पुढं गेला होता. त्यानं पुढच्या पत्रावळीवर बुंदी वाढली, जी आता माझ्या शेजाऱ्याची होती. मला बुंदी मिळाली नाही. आजतागायत मिळालेली नाही.

"पोरी," म्हटलं, "तू वाढता वाढता माणूस उठवलास. थोरला उठला, धाकटा सरकून त्याच्या जागी बसला, आणि तुझा वाढपी पुढच्या जागेवर निघून गेला. धाकट्याकडं त्यानं पाहिलंच नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हे आमच्या सरांनी बोर्डवर बाण काढून सांगितलं होतं, तेव्हा समजलं नव्हतं." उपाय दोन आहेत. एक तर यादीची नक्कल करून तिच्यावरून चालायचं आणि मूळ यादीतली नावं काढायची. नाहीतर शेवटून सुरुवात करायची, म्हणजे कुणी उठलं तरी जे सरकतील ते आधीच बघून झालेले असतात. उलट्या बाजूनं वाढणारा वाढपी मी अजून पाहिलेला नाही, पण असला पाहिजे.

निदान झालं, पण रोगी मांडवात बसलेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दारात. त्याचा सवाल सरळ होता. "भांडण दोघांनी मिळून केलं. कोर्टात दोघं उभं राहिलो. मग त्याला पत्रिका आन् मला काऊन नाही?" दादा माझ्याकडं बघायला लागला. मास्तर माणूस, खोटं बोलायची सवय नाही, पण विद्येचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. म्हटलं, "अहो, यादी कॉम्प्युटरनं केली. एक नाव चुकून गळालं." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. चूक झाली होती हे खरं, एका नावाच्या बाबतीत झाली होती हेही खरं. फक्त चुकलेलं नाव दुसऱ्याचं होतं आणि ते गळलं नव्हतं, राहिलं होतं. थोरला निवळला. "मशीनला काय कळतंय," म्हणत आत आला आणि धाकट्याच्या शेजारी पंगतीला बसला. बांध अजून तिथंच आहे. पण त्या दोघांचं आमच्याशी बोलणं सुरू झालं ते एका बिघडलेल्या लूपमुळं, हे त्यांना कुणी सांगू नका.

तिसरी भानगड कमानीची. पुतणीची हौस. मांडवाच्या दारावर दोरीला एकेक अक्षराचा पुठ्ठा बांधून गावाचं नाव लटकवायचं. त्यासाठी तिनं पुन्हा लूप लिहिला. 'पेडगाव' या शब्दातलं एकेक अक्षर घे, त्याचं चित्र कर, छापायला पाठव. छापणाऱ्यानं पुठ्ठे पाठवले. ते निघाले सहा.

आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरही सांगेल, पे-ड-गा-व, चार अक्षरं. सहा कुठून आली? पुठ्ठे ओळीनं मांडले. प. मग ठिपक्यांचं एक कडं आणि त्याच्या डोक्यावर मात्रा. ड. ग. मग पुन्हा ठिपक्यांचं कडं आणि त्याच्या बाजूला काना. आणि व. आई म्हणाली, "गावाच्या नावाला देवी आल्या का गं?"

इथं चूक पोरीची नव्हती, वाढप्याचीही नव्हती. तो इमानानं एकेक वाढत गेला. पण 'एक' म्हणजे काय हे त्याला कुणी वेगळंच सांगून ठेवलंय. जगातल्या सगळ्या लिप्यांना आकडे वाटून देणारं युनिकोड 1991 साली आलं. त्यात देवनागरीला 128 घरांची चाळ मिळाली. ही मांडणी आपल्याकडच्याच इस्की नावाच्या प्रमाणावरून घेतलेली. या चाळीत प वेगळ्या खोलीत राहतो आणि मात्रा वेगळ्या खोलीत. तुम्ही 'पे' लिहिलंत की दोघं एकत्र येऊन एका अक्षराचं सोंग घेतात. पडद्यावर नवरा-बायको, सातबाऱ्यावर दोन खातेदार. पायथॉनचा लूप सातबारा बघून वाढतो. मग एकट्या पडलेल्या मात्रेला बसायला काही नाही म्हणून मशीन तिला ठिपक्यांचा पाट देतं.

मी पोरीला म्हटलं, 'ज्ञानेश्वरी' घालून बघ. मशीननं सांगितलं, लांबी अकरा. आम्ही म्हणतो चार: ज्ञा, ने, श्व, री. मग तिनं अक्षरांचे गुच्छ ओळखणारं एक साधन आणलं, त्यानं सांगितलं सहा. मात्रा-वेलांट्या त्यानं व्यंजनाला नीट जोडल्या, पण जोडाक्षरं मधोमध तोडली. शेवटी त्याची नवी आवृत्ती लावली तेव्हा चार आले. देवनागरीतलं जोडाक्षर तोडू नये, हा नियम युनिकोडमध्ये आला 2023 साली. ज्ञानेश्वरी पुरी झाली ती, परंपरा सांगते, शके 1212 मध्ये. म्हणजे तिची अक्षरं मशीनला बरोबर मोजता यायला सातशे तेहतीस वर्षं लागली. आमच्या शाळेत मी हयातभर पहिलीची पोरं बाराखडी शिकताना पाहिली, कुणाला एका दिवाळीहून जास्त लागलं नाही.

पण हे सगळं नंतर. लग्नाच्या दिवशी हाताशी सहाच पुठ्ठे होते आणि वेळ नव्हता. तेच दोरीला बांधले. बाहेरून येणाऱ्यांनी समजून घेतलं. पंचाईत आतल्या पाव्हण्यांची झाली, कारण पुठ्ठे दोन्ही बाजूंनी छापलेले. जेवून बाहेर पडणारा माणूस ओळ उलटी वाचायचा. व, काना, ग, ड, मात्रा, प. वराकडचे एक वयस्कर गृहस्थ दात कोरत कमानीखाली थांबले, मोठ्यानं वाचलं, "वा-ग-डे-प." मग मला विचारलं, "हे वागडेप कुठं आलं हो? जिंतूरकडं का?"

मी हो म्हणालो.

पुढं सत्यनारायणाला पुतणीनं चार पुठ्ठ्यांचं नवं पेडगाव करून आणलं, आणि ते सरळ आलं. जुन्यातले प, ड, ग, व पोरांनी नेले. उरलेले दोन, म्हणजे कड्यावरची मात्रा आणि कड्याचा काना, आमच्या माळवदावर पडून आहेत. कुणाच्या गावाच्या नावात कमी पडत असतील तर येऊन घेऊन जा. पत्ता पेडगाव, तालुका जिल्हा परभणी. भीमेकाठचं ते नव्हे. तिकीट पेडगावपर्यंतचं काढा, आणि खिडकीवर विचारून घ्या, पेडगाव धरून आहे ना.